चालत्या बिऱ्हाडाची वीज

गाडीत संसार थाटून रानात राहायला निघालेलं गिऱ्हाईक दुकानात आलं, की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. बॅटरीकडे बोट करून ते विचारायचं, "काका, ही किती चालेल?" माझं उत्तरही ठरलेलं. "तुम्ही एका जागी किती दिवस थांबणार?" माणूस जरा गोंधळायचा. त्याला वाटायचं, म्हातारा उलटतपासणी घेतोय. पण या धंद्यात खरा प्रश्न हाच. गाडी पळत असली की इंजिन बॅटरी भरत राहतं, कुणाला काही कमी पडत नाही. थांबलात की खरी परीक्षा सुरू होते.

भांडगावला पुणे-सोलापूर रस्त्याला लागून माझं बॅटरीचं दुकान होतं. दौंडच्या आयटीआयमधून वायरमनचा कागद घेऊन बाहेर पडलो आणि त्या दुकानात जो बसलो, तो गुडघे कुरकुरायला लागेपर्यंत. उसाचे ट्रॅक्टर, मालट्रक, कुरकुंभच्या कंपन्यांच्या बस, लग्नाच्या वरातीतल्या बँजोच्या गाड्या, सगळ्यांच्या बॅटऱ्या माझ्या हाताखालून गेल्या. ॲसिडचं भोक नसलेला माझा एकही शर्ट नाही. पोरीच्या लग्नात घातलेला तेवढा सोडून, असं मी सांगत असतो. पण त्यालाही कोपराशी एक आहेच.

अलीकडच्या आठ-दहा वर्षांत ही नवी मंडळी यायला लागली. पुण्याची माणसं व्हॅन घेतात, मागच्या शिटा काढतात, तिथं पलंग, ओटा, बारका फ्रीज बसवतात आणि सुट्टी मिळाली की धरणाच्या काठाला नाहीतर जंगलात जाऊन राहतात. पहिली अशी गाडी माझ्याकडे आली ती बंद पडून, चौघांनी ढकलत आणलेली. दुसरी आली ती पहिलीनं सांगितलं म्हणून. मग येतच राहिल्या.

त्यांना समजावं म्हणून मी रांजणाची गोष्ट सांगायचो. बॅटरी म्हणजे पाण्याचा रांजण. टपावरचं सोलर पॅनेल म्हणजे त्यात पडणारी बारीक धार. बॅटरीची वीज घरच्यासारखी करून देणारा इन्व्हर्टर म्हणजे रांजणाची तोटी, आणि ही तोटी अशी अवलादी, की काही लावलेलं नसलं तरी नुसतं चालू ठेवलं तर थेंबथेंब गळत राहते. शिवाय ॲसिडच्या बॅटरीचा रांजण अर्ध्याखाली रिकामा करायचा नाही. सारखा केलात तर तो आतून मरतो, बाहेरून मात्र पाहुण्यासारखा टापटीप दिसतो.

आणि शेवटची गोष्ट सावलीची. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर एखादी फांदी आडवी आली, तरी सगळं पॅनेल मान टाकतं. ओळीनं जुंपलेल्या बैलांतला एक बसला की गाडा थांबतो, तसं. तुम्हाला सावली प्यारी, त्याला ऊन. हे वाक्य मी प्रत्येक गिऱ्हाइकाला दोनदा ऐकवायचो, काम सुरू करताना एकदा आणि चावी हातात देताना एकदा. एवढं वाचकांनी ध्यानात ठेवावं.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. एक नवराबायको आले. बाई म्हणाल्या, "काका, आम्हाला निसर्गाच्या अगदी जवळ जायचंय." मी म्हटलं, जा की. मग त्यांनी यादी वाचली. एसी, इंडक्शन, मिक्सर, कॉफीचं यंत्र, केस वाळवायचं यंत्र. मी म्हटलं, "ताई, एवढं चालवायचं तर या गाडीच्या मागं नुसत्या बॅटऱ्यांची दुसरी गाडी न्यावी लागेल." दोघं एकमेकांकडे बघून विचारात पडले. मग नवरा अगदी गंभीरपणे म्हणाला, "आणि ती दुसरी गाडी इलेक्ट्रिक घेतली तर?" मी पाणी प्यायला आत गेलो आणि थोडा वेळ आतच थांबलो.

कदम मात्र वेगळे. कुरकुंभला औषधाच्या कंपनीत तीसेक वर्षं शिफ्ट केलेला माणूस. रिटायर झाल्यावर त्यांनी हौसेनं जुनी व्हॅन घेतली, मी सगळं फिटिंग करून दिलं. चार दिवसांसाठी गेलेले कदम दोन दिवसांत परत दुकानात हजर. मला वाटलं, वायर जळाली.

"न्हाई हो, तुमचं काम एक नंबर हाय," कदम म्हणाले. "पर तितं काहीच वाजत न्हाई."

"मग? बरंच की."

"बरं काय? आमच्या प्लँटमधी आवाज बंद झाला म्हंजी कायतरी बिघडलं. तीस वर्षं त्याच भ्यावात काढली. तितं जंगलात झाडाखाली बसलो, सगळं गप्प, आन् मी आपला गाडीभवती चकरा मारतोय. मंडळी म्हणाली, चला घरी, तुमचं तोंड बघवत न्हाई."

मी त्यांना एक बारका पंखा बसवून दिला आणि मुद्दाम त्याचा एक स्क्रू ढिला ठेवला. घरर्र घरर्र असा तो वाजायचा. कदम खूश. त्यानंतर ते आठ-आठ दिवस जंगलात राहू लागले. माणूस कुठंही गेला तरी त्याला आपला एक ओळखीचा आवाज लागतो, हे मला त्यांच्यामुळे कळलं.

हे सगळं मी हसून सांगतोय, पण खरं सांगायचं तर मला या लोकांचा हेवा वाटायचा. गाड्या तयार करून द्यायच्या आणि त्या हायवेला लागल्या की बघत उभं राहायचं. इतक्या गाड्या केल्या, मी स्वतः एकीतही एक दिवस राहायला गेलो नाही. आणि माझा जन्म तर असल्याच घरातला. त्याला चाकं नव्हती, एवढंच.

आम्ही न्हावऱ्याचे मेंढपाळ. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन सगळं घर पश्चिमेला चालू लागायचं, घाट उतरून कोकणात जायचं आणि पाऊस जवळ आला की परत फिरायचं. भांडी, अंथरूण, मेंढरं कोंडायची जाळी, म्हणजे वाघरा, सगळं घोड्याच्या पाठीवर. त्याच्यावर कोंबड्या आणि कुत्र्याची पिल्लं. याला आम्ही बिऱ्हाड म्हणतो. पुण्याचे लोक ज्याला हौस म्हणतात, ते आमचं रोजचं जगणं होतं. माझा जन्म घाटाच्या पायथ्याला एका आंब्याखाली झाला. तिसऱ्या दिवशी आई मला झोळीत घालून पुढच्या मुक्कामाला चालू लागली, असं ती सांगायची.

पण मी सहा वर्षांचा झालो आणि आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, डोक्यात शाळा शिरली. घरात एक तरी लिहिणारा पाहिजे म्हणून मला न्हावऱ्यात मावशीपाशी ठेवलं. ती सकाळ मला अजून दिसते. माझी थोरली बहीण, आक्का, घोड्याचा लगाम धरून उभी होती. ओझ्याच्या वर कंदील बांधला होता, काच फुटू नये म्हणून आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेला. आमच्यात निघणाऱ्याला "नीट जा" म्हणत नाहीत. मागं राहणारा म्हणतो, "सावली बघून बसा." तोवर मी नेहमी निघणाऱ्यांत होतो. त्या दिवशी पहिल्यांदा ते म्हणायची पाळी माझ्यावर आली. पुढं दरवर्षी मीच म्हणत राहिलो. उजेडाच्या धंद्यात मी का पडलो, असं कुणी विचारलं तर मी आयटीआयचं नाव सांगतो. पण मनातून मला तो लुगड्यातला कंदीलच आठवतो.

आक्काचं लग्नही न्हावऱ्यातल्याच एका चालत्या घरात झालं. तिनं जन्मभर ती वाट केली. मेव्हणे गेल्यावर थोरल्या पोरांनी जमीन घेतली, ऊस-कांदा करू लागली. धाकटा बिरा तेवढा मेंढरांमागं राहिला. घोडा जाऊन पिकअप आली. बिरा आणि त्याचे दोन चुलतभाऊ मेंढरं हाकत यायचे, आणि आक्का व बिराची बायको पिकअपनं पुढं जाऊन मुक्काम मांडायच्या.

दोन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या तोंडावर, आक्का एसटीनं एकटीच माझ्या दुकानात आली. सत्तरीची बाई, दम्यानं पार खंगलेली. शिरूरच्या डॉक्टरांनी तिला वाफेचं मशीन दिलं होतं. औषध घालायचं, विजेवर लावायचं, तोंडाला मास्क धरून दहा मिनिटं वाफ घ्यायची, सकाळी आणि दुपारी. रिकाम्या बॅटरीच्या खोक्यावर बसून तिनं आधी श्वास गोळा केला.

"बिऱ्या म्हणतोय, औंदा तू घरीच ऱ्हा. रानात मशीनला लाईट कुठनं आणायची म्हणं."

"बराबर हाय की त्याचं," मी म्हटलं.

"काय बराबर? घरात मला दम लागतो. भिंती बघून बघून जीव घुसमटतो माझा. चालाय लागले की मोकळं वाटतं." मग तिनं दुकानापुढं उभ्या असलेल्या एका चकचकीत व्हॅनकडे बोट केलं. "ह्या लोकास्नी जंगलात लाईट देतोस व्हय?"

"देतो."

"ते कुठं जातेत? काय काम असतंय त्यांचं तितं?"

"काम न्हाई. नुसतं बसायला जातेत."

"बसायला जाणाऱ्यास्नी देतोस. आन् मला काम हाय तर मला न्हाई?"

आयुष्यात इतक्या गिऱ्हाइकांनी माझ्याशी घासाघीस केली, पण असं कुणी पकडलं नव्हतं. मी बिराला फोन लावला.

बिरा मोठा सरळ पोरगा. त्यानं पिकअप आणली आणि तोंडावर सांगितलं, "मामा, तुम्ही म्हणताय म्हणून नेतो. पर एक दिस जरी मशीन बंद पडलं, तर मी आईला माघारी आणणार. आन् परत कवा न्हेणार न्हाई. रानात तिला काय झालं तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील." आक्कानं मान हलवली. माझ्याकडे बघितलं. तिची सगळी वाट आता माझ्या कामावर उभी होती.

ते काम मी जसं केलं तसं दुसरं केलं नाही. टपावर लोखंडी चौकट, त्यावर पॅनेल. बॅटरीला जाड पत्र्याची पेटी, अंथरुणाखाली, हवा खेळती ठेवून. वायर लागते त्यापेक्षा जाड, कारण बारीक वायर अर्धी वीज वाटेतच खाते. मशीनची मोटर सुरू होताना एकदम जोराचा झटका मागते, म्हणून इन्व्हर्टर मोठा. एक लाल दिवा, रांजण खाली गेला की पेटणारा. आक्काला समोर बसवून मशीन चालवून बघितलं. मशीन घरघरलं, वाफ आली, तिनं मास्कमधून मला काहीतरी सांगितलं, ते कळलं नाही. पण डोळे हसत होते.

निघताना मी बिराला सूचना दिल्या. आधी मशीन, मग मोबाईल. वापरून झालं की इन्व्हर्टर बंद. पॅनेल चार दिवसांनी पुसायचं. त्यानं सगळं ध्यान देऊन ऐकलं. पिकअप सुरू झाली. आक्कानं मागून हात केला आणि माझ्या तोंडून इतक्या वर्षांच्या सवयीनं गेलं, "सावली बघून बसा रं! तिला उन्हात ठिऊ नगंस!"

बिरानं आरशातून मान हलवली. सूचनांतलीच ही एक, गाडीबद्दलची, असं त्यानं धरलं. मामा या कामातला माणूस. मामा सांगतो ते करायचं. आणि मामानं उन्हाची गोष्ट, जी परक्यांना दोनदा सांगायची, ती घरच्यांना एकदाही सांगितली नाही.

थंडीचे महिने नीट गेले. त्या दिवसांत मेंढरं मोकळ्या शेतात बसवतात, शेतकऱ्याला खत हवं असतं. पिकअपही वावरात उघड्यावर. दर दोन-तीन दिवसांनी आक्काचा फोन यायचा. "आज तळेगावच्या पुढं हाय." "आज कोकरू झालं, काळं कुळकुळीत." श्वास मोकळा, आवाज तरुण. बाकीच्या मेंढपाळांनीही पिकअपमधला दिवा बघितला होता. चौघांनी बिराला सांगितलं होतं, पुढच्या साली तुझ्या मामाकडनं आम्हालाबी करून घ्यायचंय. ते ऐकून मी दुकानात दिवसभर शीळ घालत होतो.

मग होळीच्या सुमाराला फोन आला. आक्का लहान पोरीसारखी ओरडत होती. "शंकऱ्या, वळख कुठं बसलोय! तुझ्या आंब्याखाली! तू झालास त्यो आंबा. लई ऊन हाय, पर खाली बग कसं गारीगार. आठ दिस हितंच ऱ्हातो म्हणतोय बिऱ्या."

मी जन्मभर लोकांना सावलीबद्दल बजावणारा माणूस. आंब्याखाली गाडी लावली हे कानांनी ऐकलं, आणि मला पॅनेल आठवलं नाही. आई आठवली. मी आक्काला विचारलं, "बुंधा किती मोठा झालाय गं?" ती म्हणाली, "तिघांच्या कवळ्यात मावत न्हाई." आम्ही बराच वेळ त्या आंब्याविषयी बोललो.

सहाव्या दिवशी दुपारी बिराचा फोन आला. सकाळपासून लाल दिवा होता. दुपारी मशीन लावलं, दोन मिनिटं चाललं आणि बंद पडलं. आक्काला श्वास घेता येईना. ओठ निळे पडायला लागले तेव्हा त्यानं तिला पिकअपमध्ये घालून जवळच्या सरकारी दवाखान्यात पळवलं. तिथं वाफ दिली, इंजेक्शन दिलं. संध्याकाळपर्यंत ती बरी झाली. "बरी हाय आता," एवढं सांगून बिरानं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी एसटी, मग सहा आसनी रिक्षा, मग पायी, असा मी तिथं पोचलो. कळत्या वयात पहिल्यांदा तो आंबा बघितला. आणि त्याच्या बुंध्याला टेकवून पिकअप, अगदी गार, गडद सावलीत. टपावर चढलो. पॅनेलवर पाला पडलेला, मोहराचा चिकटा बसलेला, आणि त्यावर उन्हाचा एक ठिपका नाही. सहा दिवस रांजणात थेंब पडला नव्हता. चूक कुणाची, हे समजायला मला मीटर लावावा लागला नाही.

खाली बिरा, त्याचे चुलतभाऊ, आणि पुढच्या साली काम देणार म्हणणारे ते चार मेंढपाळ उभे होते. आक्का झाडाखाली अंथरुणावर पडून होती.

"मामा, खरं सांगा, कशानं झालं?" बिरा म्हणाला. "तुम्ही सांगितलं तसंच केलं. आधी मशीन, मग मोबाईल. इनव्हर्टर बंद. गाडीबी सावलीतच ठिवली, ऊन लागू दिलं न्हाई."

तेव्हा मी एक वाक्य बोलायला हवं होतं. बिरा, चूक माझी, गाडी उन्हात घे, उद्या दुपारपर्यंत मशीन पळेल. किंवा वीस-पंचवीस फूट वायर आणून पॅनेल लांब उन्हात मांडायचं आणि गाडी सावलीत ठेवायची. पुण्याच्या कितीतरी गाड्यांना मी तसं करून दिलंय. तासाभराचं काम. पण ते चारजण माझ्या तोंडाकडे बघत होते. एवढा मोठा मिस्त्री, पुण्याच्या गाड्या करणारा, आणि सख्ख्या बहिणीच्या गाडीत पोरासोरासारखी चूक केली, हे माझ्या जिभेवर येईना.

मी म्हटलं, "रानातली लाईट हाय बाबा. तिचा काय भरवसा."

धंद्यावर खापर फोडलं आणि स्वतःला वाचवलं. ज्या धंद्यानं मला भाकरी दिली त्याला मी खोटं ठरवलं. बिरानं मान डोलावली. "मग आईला घरीच बरं," तो म्हणाला.  आक्कानं कूस बदलून तोंड बुंध्याकडे केलं.

तिला पिकअपमधून परत आणली. सासूजवळ कुणी तरी पाहिजे म्हणून सून मागं राहिली. बाईमाणसाशिवाय बिऱ्हाड चालत नाही. स्वैपाक, कोकरं, मुक्काम मांडणं, सगळं तिच्याच हातात असतं. बिरानं कसेबसे दोन महिने ओढले आणि पावसाआधी मेंढरं विकून टाकली. आमच्या घरातून दिवाळीनंतर निघणारं शेवटचं बिऱ्हाड असं थांबलं. ते माझ्या एका वाक्यानं थांबलं, हे फक्त मला माहीत होतं.

निदान तसं मला वाटत होतं. पोळ्याच्या दिवशी न्हावऱ्याला गेलो. आक्का ओट्यावर बसली होती. मी आधी बिराला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तो खाली बघत ऐकत राहिला. मग म्हणाला, "मामा, तवा बोलला असता तर. आता काय, वाघराबी दिऊन टाकल्या." आणि पिकअपकडे निघून गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग आक्काजवळ जाऊन बसलो. "आक्का, ती चूक माझी हुती. सावलीची."

"ठाव हाय मला."

"कवापासनं?"

"तू टपावर चढलास, उतरलास, आन् माझ्याकडं बघितलं न्हाईस. मेंढरू हरवलं की आबाबी असंच करायचे."

"मग बोलली का न्हाईस? तुझीच वाट गेली की गं."

आक्कानं माझ्या शर्टाच्या बाहीवरच्या भोकात बोट घातलं, लहानपणी घालायची तसं. "इतक्या माणसांत तुला मान खाली कशी घालाय लावू? तू एकटाच मागं ऱ्हायला हुतास. आम्ही सगळी संगट हुतो." मला रडू आलं. साठीच्या पुढचा माणूस ओट्यावर बसून रडतोय हे बघून सून आत निघून गेली.

त्यानंतर मी दुकान विकलं नाही, पण बंद केलं. आता आठवड्यातून तीन-चार दुपारी न्हावऱ्याला जातो. बिरा पिकअपमधून कांदा वाहतो, पण दुपारी गाडी अंगणात उभी असते, भर उन्हात. पॅनेल मी पुसतो. घरात वीज आहे, आक्काच्या खाटेशेजारी बोर्डही आहे. पण दुपारची वाफ ती घरात घेत नाही. एकदा तिनं सुनेला सांगितलं, "मला गाडीत न्हिऊन बशीव. मशीन तितल्या लाईटीवर लाव." तेव्हापासून ती मागं अंथरुणावर बसते, वर ताडपत्री. मशीन घरघरू लागलं की पत्र्याला बारीक हादरा बसतो.

"असं वाटतं, गाडी चाललीया," ती पहिल्या दिवशी म्हणाली. मला कदमांचा ढिला स्क्रू आठवला. मी पुढं ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसलो.

"कुठवर आलो रं?" मागून आक्कानं विचारलं.

"मला कुठं वाट ठाव हाय? सहा वर्षांचा हुतो तवाच सुटली. तू सांग."

मग ती सांगू लागली. पहिला मुक्काम कुठला, पाणी कुठं गोड, कुठल्या गावची कुत्री वाईट, कुठल्या माळावर आई भाकरीबरोबरच्या कोरड्यासात रानातली कोणती भाजी घालायची. रोज एक मुक्काम. दहा मिनिटं वाफ, आणि त्यानंतर दम टिकेल तेवढी वाट. भीमा ओलांडली, चाकण मागं टाकलं, तळेगाव गेलं. मी स्टिअरिंगवर हात ठेवून ऐकतो. साठ वर्षं चुकलेली वाट मी अंगणात उभ्या गाडीत चालतोय.

परवा आम्ही घाट उतरलो. आक्का दमली होती, पण थांबेना. मशीनमधलं औषध संपलं, मी मागं जाऊन बटण बंद केलं. तिनं मास्क काढला आणि डोळे मिटूनच सांगितलं, "आंबा आला."

 सवयीनं दुकानातला प्रश्न तोंडात आला. "किती दिस थांबायचं, आक्का?"

"घाई न्हाई," ती म्हणाली. "गाडी उन्हात लाव. आन् तू ये हिकडं सावलीला."